१०११०१०० कडे नुसतं बघून काय काय कळतं

कुणी द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिलेली संख्या हातात दिली की बहुतेक जण आधी ती दशमानात आणतात. १०११०१०० दिसलं की १२८, ३२, १६ आणि ४ यांची बेरीज करायची, १८० लिहायचं आणि मग त्या १८० चा विचार सुरू करायचा. मीही कितीतरी वर्षं असंच करत होते. यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणं हे माझं काम, त्यामुळे दिवसभर डोळ्यांसमोर शून्य आणि एकच्या ओळी. हळूहळू लक्षात आलं की परत फिरायची गरजच नाही. उलट दशमानात गेलं की जे समोर उघडं दिसत होतं तेच झाकलं जातं. १८० ला ४ ने भाग जातो पण ८ ने जात नाही, ३, ५, ९ आणि १५ ने जातो, ७ ने भागलं तर बाकी ५ उरते, ही संख्या कुणाचा वर्ग नाही: हे सगळं त्या आठ अंकांतूनच वाचता येतं. कसं वाचायचं ते सांगते. पेन्सिल आणि चौकटींची वही घेऊन बसा, एका घरात एक अंक.

संख्या द्विमानात आणायची रीत शाळेत शिकवतात तीच, फक्त मी ती थोडी वेगळी मांडते. संख्या निम्मी करत जायची, अर्धा उरला तर सोडून द्यायचा: १८०, ९०, ४५, २२, ११, ५, २, १. या संख्या वहीत उजवीकडून डावीकडे लिहा. सम संख्येखाली ०, विषम संख्येखाली १. खालची ओळ आपोआप १०११०१०० अशी तयार होते, बाक्या उलट्या वाचण्याची भानगड नाही. घरांना नंबर द्यायचे तेही उजवीकडून आणि ० पासून. हे शून्यापासून मोजणं कटाक्षानं पाळा, नाहीतर पुढची प्रत्येक कसोटी एका घरानं चुकेल. १८० मध्ये १ आहेत ते २, ४, ५ आणि ७ नंबरच्या घरांत.

आधी शेपूट बघा

शेवटी किती शून्यं आहेत ते मोजा. १०११०१०० च्या शेवटी दोन आहेत, म्हणून दोनदा २ ने भाग जातो, तिसऱ्यांदा नाही. शून्यं पुसली की उरतं १०११०१, म्हणजे ४५. कोणतीही धन पूर्ण संख्या अशी एकाच प्रकारे फुटते: एक विषम संख्या आणि मागे शून्यांचं शेपूट. ८ ने भागल्यावर बाकी काय उरेल? शेवटचे तीन अंक: १००, म्हणजे ४. १६ साठी शेवटचे चार. ० पासूनच्या संख्या एकाखाली एक लिहून बघा: शेवटचा रकाना ०१०१ असा चालतो, त्याच्या डावीकडचा ००११, त्याच्या डावीकडचा ००००११११. लायबनिझ यांनी द्विमान पद्धतीवरच्या १७०३ च्या निबंधात रकान्यांची ही आवर्तनं नोंदवून ठेवली आहेत.

आता संख्येतून १ वजा करा. शेवटची शून्यं १ होतात, त्यांच्या लगतचा १ शून्य होतो, आणि डावीकडचं सगळं जसंच्या तसं राहतं.

१०११०१००
१०११००११

या दोन ओळींत वरखाली दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवा, बाकी सगळीकडे ०. (प्रोग्राम लिहिणारे याला ‘अँड’ करणं म्हणतात.) मिळतं १०११००००, म्हणजे मूळ संख्येतला सगळ्यात उजवा १ तेवढा गळला. हेच परत परत केलं तर १८०, १७६, १६०, १२८, ० अशा चार पायऱ्या होतात, कारण संख्येत १ चार आहेत. १ मोजायची ही युक्ती पीटर वेग्नर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. घरं कितीही असोत, काम पडतं ते फक्त १ असतील तेवढंच.

यातूनच २ च्या घाताची ओळख निघते. पहिल्याच पायरीला शून्य आलं तर संख्येत एकच १ होता, म्हणजे ती १, २, ४, ८ यांच्या रांगेतली. इथे एक सावधगिरी. ० स्वतः या कसोटीत पास होतो, कारण त्याच्याशी काहीही ‘अँड’ केलं तरी ०च येणार, पण ० हा २ चा घात नाही. माझ्या एका प्रोग्राममध्ये मेमरीच्या तुकड्याचा आकार तपासायला मी हीच कसोटी वापरली होती आणि शून्याचा विचार केला नव्हता. एके दिवशी आकार ० आला, कसोटीनं तो जाऊ दिला आणि यंत्र गोठलं. दोष शोधण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून ‘संख्या शून्य नाही ना’ हे मी आधी विचारते.

डाव्या टोकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथून संख्येचा आवाका कळतो: आठ अंक म्हणजे १२८ ते २५५ च्या दरम्यान. लांबच लांब संख्येचा अंदाज हवा असेल तर द्विमानातले दहा अंक म्हणजे दशमानातले साधारण तीन, एवढं लक्षात ठेवा. २ चा दहावा घात १०२४ आहे.

३, ५, ७, ९ च्या कसोट्या

दशमानात ९ च्या कसोटीला आपण अंकांची बेरीज करतो. ती का चालते? १० ही ९ पेक्षा एकानं जास्त, म्हणून ९ ने भागताना प्रत्येक स्थानाची किंमत १ धरली तरी बाकी बदलत नाही. ११ ला १० ही एकानं कमी पडते, म्हणून तिथे अंक आलटून पालटून मिळवायचे आणि वजा करायचे. द्विमानात हीच गोष्ट जास्त चांगली चालते, कारण अंकांचे गट पाडता येतात. दोन-दोनचे गट पाडले की पाया होतो ४: ३ पेक्षा एकानं जास्त, ५ पेक्षा एकानं कमी. तीन-तीनचे पाडले की ८: ७ पेक्षा एकानं जास्त, ९ पेक्षा एकानं कमी. चार-चारचे पाडले की १६, आणि त्याच्या शेजारी १५ आणि १७.

गट नेहमी उजवीकडून पाडायचे. आता १८० घेऊ.

दोन-दोनचे गट: १० ११ ०१ ००, म्हणजे २, ३, १, ०. बेरीज ६. तिला ३ ने भाग जातो, म्हणून १८० लाही जातो. तेच आकडे उजवीकडून आलटून पालटून: ० − १ + ३ − २ = ०. म्हणून ५ ने भाग जातो.

तीन-तीनचे: १० ११० १००, म्हणजे २, ६, ४. बेरीज १२, १२ ला ७ ने भागून बाकी ५, आणि १८० ला ७ ने भागूनही ५च. आलटून पालटून: ४ − ६ + २ = ०, म्हणून ९ ने भाग जातो.

चार-चारचे: १०११ ०१००, म्हणजे ११ आणि ४. बेरीज १५, म्हणून १५ ने निःशेष भाग. वजाबाकी ४ − ११ = −७; त्यात १७ मिळवले की १०, आणि १७ ने भागल्यावर १८० ची बाकी तीच.

गटांची बेरीज मोठी आली तर तिचेही परत गट पाडा. ११ साठी पाच-पाचचे गट आलटून पालटून घ्या, कारण ३२ ही ३३ पेक्षा एकानं कमी आहे. प्रत्येक विषम भाजकाला असा कुठला ना कुठला गट सापडतोच, पण काही वेळा तो इतका लांब असतो की कसोटी वापरण्यात अर्थ उरत नाही.

अशा वेळी दुसरी रीत. ही डावीकडून चालते आणि मला ती जास्त आवडते. कुणी एक एक अंक वाचून दाखवतंय आणि संख्या किती लांब आहे हेही ठाऊक नाही, अशी कल्पना करा. डोक्यात फक्त बाकी ठेवायची. नवा अंक आला की बाकी दुप्पट करा, अंक मिळवा, भाजकाएवढं किंवा जास्त झालं तर भाजक वजा करा. भाजक ३ असेल तर १८० वर चालताना बाकी अशी बदलते:

अंक: १ ० १ १ ० १ ० ०
बाकी: १ २ २ २ १ ० ० ०

शेवटी ०, भाग गेला. संख्या हजार अंकी असली तरी डोक्यात ०, १, २ यांपैकी एकच आकडा असतो. एकदा ही चाल हाताला बसली की ३ साठी दुप्पट करणंही सुटतं: बाकी ० असताना ० आला तर तिथेच थांबायचं, १ आला तर बाकी १, बाकी १ असताना ० आला तर २, १ आला तर ०, बाकी २ असताना ० आला तर १, १ आला तर २च.

वर्ग आहे का?

विषम संख्येचा वर्ग द्विमानात नेहमी ००१ ने संपतो (१ हा ००१ असा वाचा). कारण विषम संख्या २क + १ धरली तर तिचा वर्ग ४ × क × (क + १) + १ होतो. क आणि क + १ यांतला एक सम असतोच, म्हणून ८ ची पट अधिक १. सम संख्येच्या वर्गात शेवटची शून्यं जोडीनं येतात. तेव्हा तपासायचं असं: शेपटाची शून्यं सम आहेत का, आणि ती पुसल्यावर शेवट ००१ आहे का. १८० ची शून्यं दोन, इथवर ठीक. पुसल्यावर १०११०१, शेवट १०१. वर्ग नाही. १४४ म्हणजे १००१००००: शून्यं चार, उरतं १००१, पास. पण ही फक्त गाळणी आहे. १७ म्हणजे १०००१, तोही यातून सुटतो आणि वर्ग मात्र नाही.

वर्गांच्या बेरजेबद्दल मात्र शेपूट शेवटचा शब्द सांगतं. शून्यं सम असतील आणि पुसल्यावर शेवट १११ असेल, तर ती संख्या तीन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. बाकी प्रत्येक संख्या लिहिता येते (० चा वर्गही चालतो). हे लजांद्र यांचं प्रमेय. २८ म्हणजे १११००, ६० म्हणजे ११११००: दोन्ही अडकतात, त्यांना चौथा वर्ग लागतोच. आणि विषम मूळ संख्या ०१ ने संपत असेल तर ती दोन वर्गांची बेरीज असते, ११ ने संपत असेल तर कधीच नसते. २९ म्हणजे १११०१: २५ + ४. ३१ म्हणजे १११११: कितीही खटपट करा, होणार नाही.

१ किती आहेत?

मला सर्वांत जास्त रमवतं ते हे मोजणं. १ किती आहेत याचा संख्येच्या किमतीशी काही संबंध असेल असं वाटतच नाही.

१ पासून १० पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार ३६२८८००. त्याला २ ने किती वेळा भाग जातो? १० म्हणजे १०१०, त्यात १ दोन. १० − २ = ८. आठ वेळा. ३६२८८०० ला २५६ ने भागा, १४१७५ येतात, विषम. नियम असा: १ पासून न पर्यंतच्या गुणाकाराला २ ने जितक्या वेळा भाग जातो तो आकडा म्हणजे न वजा त्यातले १. हेही लजांद्र यांचंच.

का ते बघा, अगदी सोपं आहे. १ ते १० मध्ये सम संख्या ५, ४ च्या पटी २, ८ ची पट १, मिळून ८. द्विमानात हे म्हणजे १०१० चा शेवटचा अंक पुसत जायचं: १०१, १०, १, आणि त्यांची बेरीज करायची. आता नजर एकाच १ वर ठेवा, समजा ३ नंबरच्या घरातल्या. त्याची किंमत ८. एक अंक पुसला की तो ४ चा होतो, मग २ चा, मग १ चा: ४ + २ + १ = ७, स्वतःपेक्षा एकानं कमी. १ नंबरच्या घरातला १ दोनाचा, त्याच्याकडून १ मिळतो, म्हणजे तोही एकानं कमी. प्रत्येक १ असा एक-एकानं कमी पडतो, म्हणून एकूण बेरीज न पेक्षा १ च्या संख्येइतकी कमी. १८० साठी उत्तर १७६.

मेरुप्रस्तारातही १ ची ही मोजणी भेटते. मेरुप्रस्तार म्हणजे ज्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात तो. पिंगलाच्या छंदःसूत्रांवरच्या दहाव्या शतकातल्या टीकेत हलायुधानं तो समजावून दिला आहे. ओळी ० पासून मोजा. पाचवी ओळ १, ५, १०, १०, ५, १, तिच्यात विषम संख्या चार. ५ म्हणजे १०१, त्यात १ दोन, आणि २ चा दुसरा घात ४. सहावी ओळ १, ६, १५, २०, १५, ६, १: परत चार, कारण ११०. सातवीत आठही विषम, कारण १११. छंद आणि द्विमान यांचं नातं जवळचंच आहे: लघूला ० आणि गुरूला १ लिहा, की यमाताराजभानसलगा होतं ०१११०१०००१, आणि त्यात तीन-तीन अंकांच्या आठही जुळण्या, म्हणजे आठही गण, एकेकदाच येऊन जातात.

त्रिकोणातल्या सम संख्येत २ किती वेळा आहे हे हातचे सांगतात. दहाव्या ओळीतली, ० पासून मोजून, तिसरी संख्या १२०. तिच्यासाठी ३ आणि १० मधले उरलेले ७ द्विमानात मिळवा: ११ आणि १११. ० नंबरच्या घरात हातचा १, १ नंबरच्या घरात हातचा, २ नंबरच्या घरातही हातचा, तीन हातचे. १२० ला २ ने तीनदाच भाग जातो, उरतात १५. कुमर यांनी १८५२ मध्ये हे दाखवलं.

आता नुसतं १ ची संख्या सम की विषम एवढंच बघा. ० ते ७ घ्या. १ सम असतील तर ०, विषम असतील तर १ लिहा. ओळ मिळते ०११०१००१. म्हणजे एका गटात ०, ३, ५, ६ आणि दुसऱ्यात १, २, ४, ७. दोन्हींची बेरीज १४. दोन्हींच्या वर्गांची बेरीजही ७०. ० ते १५ घेतल्या तर आठ-आठचे दोन गट पडतात, बेरजा ६० आणि ६०, वर्गांच्या ६२० आणि ६२०, घनांच्या ७२०० आणि ७२००. हे वाचून सोडू नका, एकदा स्वतःच्या हातानं करा. प्रूए यांनी १८५१ मध्ये हे सांगितलं आहे: दर वेळी लांबी दुप्पट केली की आणखी एक घात जुळतो.

सगळे १ असले तर

१११११ सारखी संख्या २ च्या घातापेक्षा एकानं कमी असते. १ किती आहेत त्या आकड्याचे अवयव पडत असतील तर संख्येचेही पडतात, आणि ते डोळ्यांना दिसतात: ११११११ म्हणजे १११ दोनदा, म्हणजे १११ × १००१, ७ × ९ = ६३. म्हणून मूळ संख्या हवी असेल तर १ ची संख्या मूळच असावी लागते. तेवढंच पुरत मात्र नाही; अकरा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सापडलेल्या मूळ संख्येत असे १ आहेत एकूण १३६२७९८४१, एकही शून्य नाही. अशा मूळ संख्येला शेपूट लावा, १ असतील त्यापेक्षा एक कमी शून्यं: ११०, १११००, १११११००००. या ६, २८, ४९६, परिपूर्ण संख्या. स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज केली की ती संख्याच परत येते. सम परिपूर्ण संख्या सगळ्या याच रूपाच्या असतात, हे ऑयलर यांनी सिद्ध केलं.

शेवटची एक रीत, अंक फिरवायची. १ ते १८० नंबरची माणसं गोल उभी आहेत. दुसरा बाहेर, मग चौथा, असा एक सोडून एक बाहेर पडतो. शेवटी कोण उरेल? संख्येतला पहिला १ उचलून शेवटी ठेवा: ०११०१००१, म्हणजे १०५. कारण माणसं २ च्या घाताइतकी असतील तर ज्याच्यापासून फेरी सुरू होते तोच उरतो. प्रत्येक फेरीत बरोबर निम्मी जातात आणि पाळी परत त्याच्याकडे येते. १८० मधून ५२ गेले की १२८ उरतात, तोवर १०४ नंबरचा बाहेर पडलेला असतो आणि पाळी १०५ वर आलेली असते. पहिला १ काढणं म्हणजे १२८ वजा करणं, आणि तो शेवटी ठेवणं म्हणजे उरलेल्याची दुप्पट अधिक १.

आणि ही ०११०१००१ ओळ तुम्ही थोड्या वेळापूर्वी वहीत लिहिली आहे, ० ते ७ मधले १ सम की विषम ते बघताना. १८० निवडताना हे माझ्या ध्यानात नव्हतं. फिरवलेले अंक घरांत भरताना दिसलं.